नजफच्या गल्लीतून चाललेलं राजकारण: युद्धकाळातल्या इराकमधले धर्मगुरू (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इराकविषयी कुठे बोलायला उभं राहिलं, की नंतर चहाच्या वेळी दोन-चार जण हमखास गाठतात आणि जवळपास तेच प्रश्न विचारतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. अख्ख्या अरब जगाबद्दल एका दमात बोलायला गेलं तर कुणाबद्दलच नीट बोलून होत नाही. म्हणून २००३ नंतरचा इराक धरला आहे, आणि गरज पडेल तिथे त्याच्या मागचा इतिहास. येमेन, लेबनॉन, सीरिया यांच्या कहाण्या वेगळ्या आहेत.

फतवा म्हणजे हुकूमच ना?

नाही. मराठीत हा शब्द बिघडला आहे आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. शाळेनं गणवेशाचा नवा नियम केला तरी आपण "फतवा काढला" म्हणतो. मूळ व्यवहार बरोबर उलट्या दिशेचा आहे. आधी कुणीतरी प्रश्न विचारतो. त्या विचारण्याला इस्तिफ्ता म्हणतात. त्याला जाणकारानं दिलेलं उत्तर म्हणजे फतवा. कागदावर वर प्रश्न, खाली उत्तर, त्याखाली शिक्का. प्रश्न कसलेही असतात: प्रवासात रोजा कसा धरायचा, वारसा कसा वाटायचा, बँकेचं व्याज घ्यावं का, अवयवदान चालतं का.

म्हणजे विचारणारा असतो म्हणून फतवा असतो. शांततेच्या काळात प्रश्न घरगुती असतात. सरकार कोसळतं, रस्त्यावर रणगाडे उभे राहतात, तेव्हा तीच माणसं त्याच दारात वेगळे प्रश्न घेऊन जातात: या परक्या सैन्याशी कसं वागायचं? मतदान करायचं का? बंदूक उचलायची का? इराकमधल्या धर्मगुरूंची राजकीय ताकद मला तरी इथे दिसते. ती त्यांनी हिसकावून घेतली असं सरसकट म्हणता येत नाही. बाकी सगळी दारं बंद झाली होती आणि हे एक उघडं होतं.

मरजा, हौजा, आयातुल्ला: यांत कोण कोणाचं ऐकतं?

शिया परंपरेत सामान्य माणसानं धर्माच्या बाबतीत एका मोठ्या विद्वानाचं अनुकरण करायचं असतं. त्या विद्वानाला मरजा म्हणतात. आपल्याकडे गुरू करतात, तसा मरजा ज्यानं त्यानं निवडायचा असतो, वरून कुणी नेमत नाही. हौजा म्हणजे जिथे हे विद्वान शिकतात आणि शिकवतात ती विद्यापीठासारखी परंपरा. इराकमधल्या नजफ या शिया तीर्थक्षेत्राच्या शहरातली हौजा सुमारे हजार वर्षं जुनी मानली जाते. आयातुल्ला ही विद्वत्तेची पदवी आहे. पुष्कळ आयातुल्ला मरजा नसतात.

२००३ साली नजफमध्ये चार मोठे मरजा होते आणि त्यांत इराकी अरब एकटे मुहम्मद सईद अल-हकीम. अली अल-सिस्तानी इराणातल्या मशहदचे, इसहाक अल-फय्याद अफगाणिस्तानचे आणि बशीर अल-नजफी यांचा जन्म आपल्या जालंधरचा, १९४२चा. हे पाहिलं की नजफ हे एका देशाचं गाव नाही, हे लगेच कळतं.

आणि पैसा. श्रद्धावान शिया वर्षाच्या बचतीचा पाचवा हिस्सा, खुम्स, आपल्या मरजाकडे पाठवतो. त्यातून विद्यार्थ्यांचे मासिक भत्ते, दवाखाने, अनाथाश्रम चालतात. सरकारी पगार नाही, त्यामुळे सरकारला तो तोडता येत नाही. सद्दाम हुसेननं नजफमध्ये माणसं मारली, हद्दपार केली, तुरुंगात टाकली. पण कराची, मुंबई, लंडनहून येणारा हा ओघ त्याला पूर्णपणे बंद करता आला नाही.

काळा फेटा आणि पांढरा फेटा यांत फरक काय?

काळा फेटा बांधणारा पैगंबरांच्या वंशातला, म्हणजे सय्यद. पांढरा बांधणारा तसा नसतो. विद्वत्तेशी रंगाचा संबंध नाही.

सिस्तानी जन्मानं इराणी. मग इराकी लोक त्यांचं का ऐकतात?

त्यांचा जन्म १९३०चा. विशीत नजफला आले आणि तिथलेच झाले. अरबी बोलताना फारसी हेल अजून जात नाही म्हणतात. शियांचे पहिले इमाम अली यांच्या दर्ग्याच्या सोनेरी घुमटाजवळ, रसूल रस्त्याच्या एका अरुंद गल्लीत, भाड्याच्या साध्या घरात राहतात. जाहीर सभा घेत नाहीत, शुक्रवारच्या नमाजाला व्यासपीठावर दिसत नाहीत. २०२०च्या सुरुवातीपर्यंत करबलाच्या दर्ग्यात अब्दुल महदी अल-करबलाई किंवा अहमद अल-साफी हे प्रतिनिधी त्यांचं म्हणणं वाचून दाखवायचे, आणि तेवढ्यानं बगदादमधलं मंत्रिमंडळ हलायचं.

६ मार्च २०२१ला पोप फ्रान्सिस त्या गल्लीत पायी चालत गेले आणि आत जाताना त्यांनी बूट काढले. एरवी पाहुण्यांसाठी बसूनच राहणारे सिस्तानी त्यांच्यासाठी उठून उभे राहिले. भेट पाऊण तास चालली. नव्वदीतला एक आणि चौऱ्याऐंशी वर्षांचा दुसरा, बिनसजावटीच्या एका खोलीत समोरासमोर.

लोक ऐकतात त्याचं मला सगळ्यात पटणारं कारण हे: या माणसानं स्वतःसाठी काही मागितलेलं दिसत नाही. ज्या देशात खुर्चीला हात लावणारा प्रत्येक जण श्रीमंत होऊन बाहेर पडला, तिथे याला फार किंमत आहे.

२००३ मध्ये त्यांनी अमेरिकेला अडवलं म्हणजे नेमकं काय केलं?

बगदाद ९ एप्रिल २००३ला पडलं. अमेरिकेचे प्रशासक पॉल ब्रेमर यांचा बेत असा होता की निवडक इराकी लोकांची समिती नेमायची, तिनं राज्यघटना लिहायची आणि निवडणुका मग सावकाश घ्यायच्या. जूनच्या अखेरीस काही अनुयायांनी सिस्तानींना लेखी विचारलं: परकी सत्ता नेमेल त्या लोकांनी लिहिलेल्या घटनेबद्दल आपलं मत काय? उत्तर थोडक्यात होतं. घटना लिहिणारे लोक नेमण्याचा अधिकार या सत्तेला नाही; आधी सार्वत्रिक निवडणूक, निवडून आलेल्यांनी घटना लिहायची आणि मग तिच्यावर जनतेचा कौल घ्यायचा.

ब्रेमर यांना सुरुवातीला या कागदाचं वजन उमगलं नाही. सिस्तानी त्यांना एकदाही भेटले नाहीत; सगळी बोलणी मध्यस्थांच्या तोंडून. १५ नोव्हेंबरला अमेरिकेनं नवी योजना आणली: अठरा प्रांतांत निवडक लोकांच्या बैठका घेऊन प्रतिनिधी ठरवायचे. सिस्तानींनी तीही नाकारली. जानेवारी २००४ मध्ये बसरा आणि बगदादच्या रस्त्यांवर हजारो माणसं उतरली. बगदादच्या मोर्चात लाखभर लोक असल्याच्या बातम्या होत्या. मागणी एकच, मतदान. एक दगड न फेकता. मग संयुक्त राष्ट्रांचे लखदर ब्राहिमी फेब्रुवारीत आले. त्यांनी पाहणी करून सांगितलं की जूनअखेरपर्यंत निवडणूक घेणं शक्य नाही. सिस्तानींनी ते मान्य केलं, पण तारीख पक्की करून घेतली.

३० जानेवारी २००५ला मतदान झालं. त्याआधी त्यांच्या कार्यालयानं मतदारयादीत नाव नोंदवणं हे स्त्री-पुरुष दोघांचंही कर्तव्य असल्याचं जाहीर केलं होतं. शिया पक्षांच्या आघाडीची निशाणी होती मेणबत्ती, यादीचा क्रमांक १६९, आणि तिच्या पोस्टरवर सिस्तानींचं छायाचित्र. आघाडीला २७५ पैकी १४० जागा मिळाल्या.

या आग्रहामागे जुनी जखम आहे. १९२० मध्ये इंग्रजांविरुद्धच्या बंडाला करबलाचे मिर्झा मुहम्मद तकी शिराझी यांनी फतव्याचं बळ दिलं. बंड मोडलं. पुढे संविधान सभेच्या निवडणुकीवर मुजतहिदांनी, म्हणजे मोठ्या शिया धर्मशास्त्रज्ञांनी, बहिष्कार घातला, १९२३ मध्ये शेख महदी अल-खालिसी यांना देशाबाहेर काढण्यात आलं आणि शिया समाज पुढची ऐंशी वर्षं सत्तेच्या ओसरीवरच राहिला. रागाच्या भरात मैदान सोडलं की काय होतं, हे नजफनं तेव्हा पाहिलं होतं.

मग त्यांनी इराणसारखी राजवट का आणली नाही?

कारण त्यांना ती नको होती. पुढे इराणच्या क्रांतीचे नेते झालेले आयातुल्ला खोमेनी १९६५ ते १९७८ नजफमध्येच हद्दपारीत राहिले आणि धर्मशास्त्रज्ञाच्या हाती राज्य असावं हा विचार त्यांनी १९७० मध्ये तिथेच व्याख्यानांतून मांडला. पण नजफचे तेव्हाचे थोर विद्वान अबुल कासिम अल-खोई यांना तो पटला नाही, आणि सिस्तानी हे खोईंचे शिष्य. त्यांच्या मते धर्मगुरूनं सल्ला द्यावा, अन्यायाला नाही म्हणावं, खुर्चीवर बसू नये.

पण गप्प बसणं आणि खुर्चीपासून लांब राहणं या दोन गोष्टी एक नव्हेत. वृत्तपत्रं त्यांना अलिप्त म्हणतात. घटना, निवडणूक, पंतप्रधान या तिन्हींच्या वेळी ज्याचा शब्द निर्णायक ठरला, त्याला अलिप्त म्हणणं मला पटत नाही.

मुक्तदा अल-सद्र यांचं काय? तेही धर्मगुरूच ना?

फेटा तोच, पण पायाखालची जमीन वेगळी. मुक्तदांचा जन्म १९७४चा. विद्वत्तेत ते फार वर गेलेले नाहीत. त्यांची पुंजी म्हणजे घराणं. त्याच घराण्यातले विद्वान मुहम्मद बाकिर अल-सद्र यांना आणि त्यांची बहीण अमिना (बिंत अल-हुदा) यांना सद्दामनं एप्रिल १९८० मध्ये मारलं. मुक्तदांचे वडील मुहम्मद सादिक अल-सद्र यांना दोन मुलांसह १९ फेब्रुवारी १९९९ला नजफमध्ये गोळ्या घालून मारलं. वडिलांनी आंतरराष्ट्रीय निर्बंधांच्या त्या भुकेल्या वर्षांत गरिबांच्या बोलीत शुक्रवारची प्रवचनं दिली होती. कफन पांघरून बोलायचे, म्हणजे मरणाची तयारी अंगावरच. बगदादच्या पूर्वेची ती प्रचंड गरीब वस्ती सद्दामच्या नावानं ओळखली जायची. २००३ मध्ये लोकांनी एका रात्रीत तिचं नाव सद्र सिटी करून टाकलं.

मुक्तदांनी त्याच उन्हाळ्यात महदी सेना उभी केली. बेकार पोरं, हिरव्या पट्ट्या, काळे कपडे. सिस्तानींकडे व्यापारी, शिकलेले, वयस्क लोक वळले, मुक्तदांकडे ही पोरं. एकाच पंथात वर्गाची अशी दरी असते, हे बातम्यांत क्वचितच येतं. महदी सेनेनं सद्र सिटीत अन्न वाटलं, कचरा उचलला आणि २००६-०७च्या यादवीत सुन्नी शेजाऱ्यांना घरांतून ओढून मारलंही. दोन्ही खरं आहे, आणि एकानं दुसरं पुसलं जात नाही.

पुढे ते राजकारणात मुरले. २०१८ मध्ये चक्क कम्युनिस्ट पक्षाबरोबर आघाडी करून ५४ जागा घेतल्या, २०२१ मध्ये एकट्यानं ७३. सरकार बनेना म्हणून जून २०२२ मध्ये सगळ्या खासदारांना राजीनामे द्यायला लावले. २९ ऑगस्ट २०२२ला त्यांनी राजकारण सोडल्याचं जाहीर केलं आणि बगदादच्या ग्रीन झोनमध्ये, म्हणजे सरकारी कचेऱ्यांच्या बंदोबस्तातल्या भागात, गोळीबार सुरू झाला. तीसच्या आसपास माणसं मेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते टीव्हीवर आले, देशाची माफी मागितली आणि अनुयायांना साठ मिनिटांत तिथून निघायला सांगितलं. आणि पोरं निघाली. तंबू गुंडाळले, बंदुका खांद्यावर टाकल्या, गाड्यांत बसून गेली. एक माणूस शहर पेटवू शकतो आणि तासाभरात विझवू शकतो, हे मी त्या दिवशी बातम्यांत पाहत होतो. विझलं म्हणून हायसं वाटण्याऐवजी मला भीतीच वाटली.

ऑगस्ट २००४ मध्ये नजफमध्ये काय झालं होतं?

या दोन माणसांचा फरक पाहायचा तर हे तीन आठवडे पाहावेत. महदी सेनेचे लढवय्ये इमाम अलींच्या दर्ग्यात शिरले होते. बाहेर अमेरिकी मरीन्स. बाजूला वादी अल-सलाम, जगातल्या सगळ्यात मोठ्या कब्रस्तानांपैकी एक. तिथे थडग्यांच्या आडोशानं लढाई चालली होती. सिस्तानी नेमके ६ ऑगस्टला हृदयाच्या उपचारासाठी लंडनला गेले होते. ते मुद्दाम गेले का, यावर तर्क पुष्कळ झाले.

२५ तारखेला ते कुवेतमार्गे बसऱ्याला परतले आणि लोकांना नजफकडे चालण्याचं आवाहन केलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गाड्यांच्या ताफ्यामागे हजारो माणसं निघाली. वाटेत, कुफ्यात, तोफगोळे आणि गोळीबारात कित्येक मेले; ते विसरून चालणार नाही. पण रात्रीपर्यंत समझोता झाला. २७ला सकाळी दर्ग्याची दारं यात्रेकरूंना उघडली, गर्दी आत गेली आणि त्याच गर्दीत मिसळून लढवय्ये बाहेर पडले. दर्ग्याच्या किल्ल्या सिस्तानींच्या माणसांच्या हाती आल्या. अमेरिकेच्या तोफांना तीन आठवड्यांत जे जमलं नाही, ते चौऱ्याहत्तर वर्षांच्या हृदयरोग्यानं दोन दिवसांत केलं.

सुन्नींमध्ये असा एखादा नेता का उभा राहिला नाही?

रचनाच तशी नाही. सुन्नी परंपरेत मरजासारखी उतरंड नाही, खुम्सची स्वतंत्र तिजोरी नाही. इराकमधले मशिदींचे इमाम वर्षानुवर्षं सरकारी वक्फ खात्याचे पगारी. सरकार गेलं तेव्हा त्यांच्या पायाखालची फळीच निघाली.

एप्रिल २००३ मध्ये मुस्लिम विद्वानांची संघटना स्थापन झाली, हारिस अल-दारी तिचे प्रमुख. मुख्यालय बगदादच्या उम्म अल-कुरा मशिदीत. ही मशीद सद्दामनं आखाती युद्धाच्या आठवणीत बांधलेली, तिचे काही मिनार क्षेपणास्त्रासारखे. या संघटनेनं २००५ची निवडणूक म्हणजे ताबेदारांचं नाटक, असं म्हणून बहिष्कार पुकारला. सुन्नीबहुल अनबार प्रांतात जेमतेम दोन टक्के मतदान झालं. घटना लिहिली जात होती तेव्हा सुन्नी प्रतिनिधी मोजकेच, तेही निवडून न आलेले. १९२३ मध्ये शिया मुजतहिदांनी केलेली चूक ८२ वर्षांनी सुन्नी उलेमांनी केली, आणि त्या रिकाम्या जागेत आधी अल-कायदा, मग आयसिस शिरली.

यादवी थांबवणं सिस्तानींच्या हातात नव्हतं का?

२९ ऑगस्ट २००३ला नजफच्या दर्ग्याबाहेर मोटारबॉम्ब फुटला. आयातुल्ला मुहम्मद बाकिर अल-हकीम आणि त्यांच्याबरोबर ऐंशीहून अधिक माणसं गेली. तेव्हा, आणि त्यानंतरच्या प्रत्येक स्फोटानंतर, सिस्तानी सांगत राहिले की सूड घेऊ नका. साधारण अडीच वर्षं लोकांनी ऐकलं. २२ फेब्रुवारी २००६ला समर्रा इथल्या, शियांना पवित्र असलेल्या अल-अस्करी दर्ग्याचा सोन्याचा घुमट उडवला गेला. सिस्तानींनी सात दिवसांचा शोक जाहीर केला, शांततेनं निषेध करा म्हणाले, सुन्नी मशिदींना हात लावू नका असं स्पष्ट बजावलं. त्याच दिवशी बगदादमध्ये मशिदींवर हल्ले सुरू झाले.

म्हणजे नाही, पुरेसं हातात नव्हतं. घराघरात प्रेत आलेलं असताना गल्लीतल्या टोळीचा म्होरक्या जवळचा वाटतो आणि नजफचा म्हातारा लांबचा. शब्दाला धार असते ती ऐकणाऱ्याच्या संयमावर, आणि तो संपला होता.

२०१४च्या फतव्याबद्दल इतकं का बोललं जातं?

१० जून २०१४ला मोसुल आयसिसच्या हाती पडलं. सैन्य गणवेश टाकून पळालं. दोन दिवसांनी तिकरीतजवळच्या स्पायकर छावणीतले दीड हजाराहून अधिक तरुण, बहुतेक शिया, आयसिसनं वेचून मारले. बगदाद पडणार असं उघड बोललं जात होतं. शुक्रवार, १३ जून. करबलाच्या दर्ग्यात अब्दुल महदी अल-करबलाई यांनी सिस्तानींचं म्हणणं वाचलं: ज्यांना शस्त्र धरता येतं त्यांनी देश, लोक आणि पवित्र स्थळं यांच्या रक्षणासाठी सुरक्षा दलांत दाखल व्हावं. हे कर्तव्य वाजिब किफाई आहे. म्हणजे पुरेशा लोकांनी ते केलं की बाकीच्यांवरची जबाबदारी उतरते.

शेजारच्या खेड्यांतून ट्रक भरून माणसं आली. शिक्षक, टॅक्सीवाले, पन्नाशीचे बापे. भरती केंद्रांना एवढ्यांची नावंही लिहून घेणं जमेना. आणि नेमकं इथे गाडं रुळावरून सरकलं. फतव्यात शब्द होता "सुरक्षा दलं", म्हणजे सरकारी. पण सरकारी दलांत व्यवस्थाच उरली नव्हती. तयार छावण्या, हत्यारं आणि अधिकारी होते ते बद्र, असाइब अहल अल-हक, कताइब हिजबुल्ला अशा आधीपासूनच्या, इराणशी बांधलेल्या संघटनांकडे. स्वयंसेवकांचा लोंढा त्यांच्या ओंजळीत गेला. त्यातून हश्द अल-शाबी, म्हणजे लोकसेना, उभी राहिली.

हश्दशिवाय बगदाद वाचलं असतं का, याची मला शंका आहे. पण जून २०१६ मध्ये फलूजाच्या लढाईत सकलावियाहून पळणाऱ्या शेकडो सुन्नी पुरुषांना अशाच काही टोळ्यांनी बाजूला काढलं आणि ते परत आले नाहीत. त्यांच्या आया-बायका अजून फोटो घेऊन उभ्या राहतात. फतवा देणाऱ्याला हे नको होतं, हे मी मानतो. सुन्नींना आपले भाऊ म्हणू नका, ते म्हणजे आपण स्वतःच, असं सांगणारा हा माणूस. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांनी लढणाऱ्यांसाठी लांबलचक सूचनापत्र काढलं: म्हाताऱ्यांना, मुलांना, बायकांना हात लावू नका, झाडं तोडू नका, परक्याच्या घरातली वस्तू घेऊ नका. पण सूचनापत्र मागून आलं, बंदुका आधी वाटल्या गेल्या होत्या.

आयसिस गेल्यावर फतवा मागे का घेतला नाही?

डिसेंबर २०१७ मध्ये सरकारनं विजय जाहीर केला. तोवर हश्दला संसदेनं २०१६च्या कायद्यानं सरकारी दर्जा दिला होता, पगार सुरू होता, तिचे नेते निवडणूक लढवत होते. लाखाहून अधिक माणसांची चूल ज्यावर पेटते, ती गोष्ट कागद फाडून संपत नाही. सिस्तानींनी फौजा राज्याच्या अखत्यारीत याव्यात एवढं पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि एप्रिल २०२० मध्ये त्यांच्या जवळच्या, दर्ग्यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तुकड्या हश्दच्या नेतृत्वापासून वेगळ्या झाल्या. इराणकडे पाहणाऱ्या तुकड्या मात्र होत्या तिथेच राहिल्या.

इराकी तरुण आता या सगळ्याकडे कसं पाहतात?

बगदादच्या तहरीर चौकात २०१५ पासून एक घोषणा दिली जायची: "बिस्म इद्दीन बागूना अल-हरामिया", धर्माच्या नावानं चोरांनी आम्हाला लुटलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये हाच राग देशभर पसरला. शियाबहुल दक्षिणेतली, शिया घरांतली पोरं शिया पक्षांच्या कचेऱ्या जाळत होती. मागणी होती "आम्हाला देश हवा". पाच-सहाशे जीव गेले. २८ नोव्हेंबरला नासिरियात एका दिवसात कित्येक तरुण गोळ्यांना बळी पडले. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सिस्तानींच्या प्रवचनात संसदेनं आपला पाठिंबा कुणाला आहे याचा फेरविचार करावा असं आलं आणि काही तासांत पंतप्रधान आदिल अब्दुल महदी यांनी राजीनामा जाहीर केला.

सरकारला नजफचा शब्द चालला, पण मारणाऱ्यांना शिक्षा झाली नाही. चौकातल्या पुष्कळ पोरांना म्हाताऱ्या सय्यदाबद्दल आदर होता, त्याच्या नावावर निवडून आलेल्यांबद्दल नव्हता. सिस्तानींचाही रोख तोच होता. "अल-मुजर्रब ला युजर्रब", एकदा पारखून झालेल्याला पुन्हा पारखू नका, हे त्यांच्या प्रवचनांतलं वाक्य भिंतींवर लिहिलं गेलं. अलीकडच्या निवडणुकांत त्यांनी कुठल्याही यादीला आशीर्वाद दिलेला नाही.

बायकांना या सगळ्यातून काय मिळालं?

मतदानाला धर्माचं बळ आणि त्याचबरोबर एक कायमची टांगती तलवार. इराकचा १९५९चा कुटुंब कायदा, क्रमांक १८८, त्या भागातल्या पुरोगामी कायद्यांपैकी एक होता: लग्नाचं वय, बहुपत्नीत्वावर मर्यादा, पंथ कुठलाही असो सगळ्यांना एक न्यायालय. डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेनं नेमलेल्या तात्पुरत्या शासक मंडळानं ठराव क्रमांक १३७ करून तो बाजूला सारायचा प्रयत्न केला. बायका रस्त्यावर उतरल्या आणि दोन-तीन महिन्यांत ठराव मागे घ्यावा लागला. त्यानंतर वीस वर्षं धार्मिक पक्ष तोच विषय पुन्हा पुन्हा आणत राहिले आणि २१ जानेवारी २०२५ला संसदेनं दुरुस्ती मंजूर केली: विवाहाचे व्यवहार जाफरी, म्हणजे शिया, धर्मशास्त्रानुसार करण्याची मुभा. ज्या बायकांनी २००५ मध्ये धर्मकर्तव्य म्हणून बोटाला शाई लावून घेतली, त्यांच्या नातींच्या लग्नाचा प्रश्न त्याच मतपेटीतून आलेल्या संसदेनं असा सोडवला. हे लिहिताना मला त्रास होतो.

आपला, मराठी माणसांचा, याच्याशी काय संबंध?

जितका वाटतो त्याहून जवळचा. नथीतला बसरा मोती आपल्याला माहीत असतो. बसऱ्याला गेलेली माणसं आपण विसरलो. नोव्हेंबर १९१४ मध्ये इराकच्या दक्षिण टोकाला उतरलेली फौज होती इंग्रजांची सहावी, म्हणजे पुण्याची डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची पोरं.

समोर तुर्की सैन्य होतंच, पण त्याच्याबरोबर नजफच्या मुजतहिदांच्या हाकेला ओ देऊन आलेले हजारो टोळीवालेही होते. त्यांच्या एका मोठ्या जथ्याचे पुढारी मुहम्मद सईद अल-हबूबी, कवी आणि धर्मगुरू, स्वतः आघाडीवर गेलेले. तुर्कांचा सुलतान सुन्नी, हे शिया, तरीही ख्रिस्ती साम्राज्याविरुद्ध दोघे एक झाले. १२ ते १४ एप्रिल १९१५, बसऱ्याजवळच्या शैबाच्या मैदानावर ही दोन माणसं समोरासमोर आली: फतव्यावरून आलेला फुरात (युफ्रेटिस) नदीकाठचा शेतकरी आणि पगारावर आलेला कृष्णाकाठचा शेतकरी. शैबात इंग्रज जिंकले. हबूबी काही आठवड्यांत नासिरियात वारले. पुढे कुत-अल-अमाराच्या वेढ्यात पुण्याची डिव्हिजन उपासमारीनं खंगली आणि २९ एप्रिल १९१६ला शरण गेली. सुमारे तेरा हजार कैदी, त्यांत हिंदी जास्त. वाळवंटातून चालवत नेलेल्यांपैकी हजारो परतलेच नाहीत.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जण गेले ते परत आले नाहीत. अशी कितीतरी गावं आहेत, जिथे चावडीच्या भिंतीत इंग्रजी अक्षरांचा दगड आहे, त्यावर महायुद्धाला गेलेल्यांचा नुसता आकडा आहे आणि एकही नाव नाही. असा दगड मी पहिल्यांदा नीट पाहिला तेव्हा त्यावर कुणीतरी सायकल टेकवून ठेवली होती.

अलीकडचा धागाही आहे. मुंबईत डोंगरीच्या शिया वस्तीतून दर वर्षी यात्रेकरू नजफ-करबलाला जातात, आणि तिथल्या पुष्कळ घरांत सिस्तानी हेच मरजा आहेत. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या गटातून इराकला गेले आणि आयसिसकडे वळले, हे आपल्याला धक्का देऊन गेलं. त्या मानानं दुसरी बातमी कमी लोकांपर्यंत पोचली: २०१५ मध्ये देशभरातल्या हजाराहून अधिक मुफ्ती-मौलवींनी आयसिसविरुद्धच्या फतव्याला सह्या दिल्या आणि त्याची जुळवाजुळव मुंबईतून झाली होती.

सिस्तानींनंतर कोण?

निवडणूक होत नाही, मृत्युपत्र चालत नाही. १९९२च्या ऑगस्टमध्ये खोई वारले. सद्दामच्या पोलिसांनी मोठी अंत्ययात्रा निघू दिली नाही. जनाजाची नमाज सिस्तानींनी पढवली. पण ते लगेच सर्वोच्च झाले नाहीत. नजफमध्ये ज्येष्ठ म्हणून सब्जवारी होते, इराणातल्या कुममध्ये गुलपायगानी. १९९३ मध्ये दोघेही गेले, आणि त्याच काळात सद्दामचं सरकार मुक्तदांचे वडील सादिक अल-सद्र यांना पुढे करत होतं. लोक हळूहळू सिस्तानींकडे वळले. त्याला वर्षं लागली.

पुढेही बहुधा तसंच होईल. इराण आपल्या सोयीचं नाव पुढे करील, बगदादमधले पक्ष आपल्या सोयीचं. पण खुम्स कुणाला द्यायचा हे कुवेतचा दुकानदार, डोंगरीतलं कुटुंब आणि बसऱ्याची शिक्षिका आपापल्या घरी बसून ठरवतात. नजफमधल्या चार-पाच नावांपैकी कुणाच्या दारात प्रश्नांच्या चिठ्ठ्या वाढताहेत, यावरून ते आधी विद्यार्थ्यांना कळेल आणि मग वर्तमानपत्रांना.